दोन्ही कोपरे एकाच जागी

नकाशाचं काम करणारी बाई आणि नकाशा कधी बघायची नाही! हसू नका, खरं सांगतोय. शिम ओक-रानच्या टेबलावरच्या संगणकात एक काळी खिडकी उघडलेली असायची. तिच्यात ती एका ओळीत हुकूम टंकायची, एन्टर दाबायची, आणि खाली आकडे उमटायचे. उत्तरेचा आकडा, पूर्वेचा आकडा. रंग नाही, रेघ नाही, डोंगर नाही, नदी नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अगं, हे काय नकाशाचं काम? हे तर फोन नंबर वाटतात." तर चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "ओप्पा, चित्र बघून माणूस फसतो. आकडा फसवत नाही."

डोंबल फसवत नाही!

मी गिल दू-मान. जिल्हा कचेरीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. पूर्वी कोळशाचा चालवायचो. खाण बंद झाली, मग कचेरीनं मला आणि माझ्या पाठदुखीला एकत्रच कामावर घेतलं. ओक-रान माझ्याच खोऱ्यातली, गामागोलची. लहानपणी माझ्या मागं मागं फिरायची, म्हणून अजून ओप्पा म्हणते, थोरला भाऊ. सख्खा नाही, पण सख्ख्यानं तिचं काय भलं केलं ते पुढं सांगतोच.

पोरगी तेव्हापासूनच काटेकोर. बाजारात मुळ्याच्या जुडीत एक मुळा कमी निघाला तर परत जाणारी, आणि एक जास्त निघाला तरी परत जाणारी. वॉन्जू शहरात मोज्यांच्या कारखान्यात राबली, लग्न केलं. नवरा धंदा करायला म्हणून व्हिएतनामला गेला आणि तिकडंच रमला. मग ती परत आली. बेकारांसाठी सरकारनं वर्ग काढला होता, त्यात निम्म्या वयाच्या पोरांमध्ये बसून ती काळी खिडकी शिकली. कचेरीनं करारावर घेतली. करार एका वर्षाचा. दर डिसेंबरात तिचा जीव टांगणीला. पन्नाशी उलटून गेली तरी हेच.

तिचं मुख्य काम हिवाळी चौकटीचं. आमच्या खोऱ्यांत आता माणसं उरलीत किती? सगळीकडे ट्रक पाठवणं परवडत नाही. म्हणून कचेरीनं नियम केला. प्रत्येक खोऱ्यातल्या सगळ्या घरांची एक फाइल आहे, त्यात प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. त्यातली ज्या घरांत माणसाचं नाव नोंदलेलं आहे तेवढीच गाळून घ्यायची, आणि खोऱ्याखोऱ्यानं त्या ठिपक्यांभोवती चौकट टाकायची. खालचा डावा कोपरा आणि वरचा उजवा कोपरा, एवढे दोन कोपरे कळले की चौकट झाली. चौकटीतल्या रस्त्यांवर माझा ट्रक, फोन केला की येणारी बस आणि दर आठवड्याची नर्स. बाहेर काही नाही. बाहेर तुम्ही आणि तुमचं फावडं.

गामागोल आमच्या खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला. पुलावरून पलीकडं गेलं की चढाचा रस्ता, आणि त्या चढावर तेव्हा एकच धुराडं जळायचं, ओक-रानच्या आईचं. बाकीची घरं पडली, नाहीतर कुलपात गेली. म्हातारीच्या घराच्याही वर खाण कामगारांच्या बंद चाळी आणि शेवटी खाणीचं सिमेंटनं बुजवलेलं तोंड. मी दर बर्फाला तिथपर्यंत जायचो. जाताना म्हातारीच्या वळणावर हॉर्न वाजवायचा, हा आमचा ठरलेला रिवाज. वर ट्रक वळवून खाली येईतो ती अंगणात येऊन उभी. हातात भाजलेलं रताळं, नाहीतर पुडीची गोड कॉफी. मी तिला आजुमॉनी म्हणायचो, म्हणजे काकू.

"दू-मान, बर्फ काढलास की उकरून ठेवलास? माझ्या लोणच्याच्या मडक्यांवर ढीग घातलास बघ!"

"आजुमॉनी, मडकी जरा सरकवा की मग."

"मडकी तुझ्या आधीपासून आहेत इथं. तू सरक."

ओक-रान आईला कितीदा म्हणाली असेल, ऑम्मा, खाली चल माझ्याकडं. एकच खोली आहे, पण चल. म्हातारीचं उत्तर ठरलेलं. "मी इथून खाली जाईन ती आडवी होऊनच." आणि वर हसायची. दात पुढचे दोनच, पण हसायची मात्र तोंडभर.

मग गेल्या वर्षी आमच्या खात्याला यॉम साहेब आले. माणूस वाईट नाही, उगाच का नाव ठेवू? हिशेबी. त्यांनी विचारलं, "दू-मानचा ट्रक बंद खाणीपर्यंत कशाला जातो? तिथं कोण राहतं?"

मी म्हटलं, "साहेब, चौकट तिथवर आहे. चौकट सांगेल तिथं मी जातो. तिनं समुद्रात जा म्हटलं तर समुद्रात जाईन."

साहेबांनी ओक-रानला बघायला सांगितलं. ती दोन-तीन दिवस त्या काळ्या खिडकीसमोर मान वाकडी करून बसली होती. जेवायलासुद्धा उठली नाही, टेबलावरच भाताचे रोल खाल्ले. आणि मग सापडलं.

मला समजावून सांगायला ती मुद्दाम गॅरेजमध्ये आली. एवढी खूश मी तिला मोज्यांच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा बघितली होती. म्हणाली, "ओप्पा, इतकी वर्षं सगळेच चुकत होते. माझ्या आधीचा माणूसही, मीही. गाळणी लावून घरं मोजली तर संख्या बरोबर यायची, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. पण त्याच दमात कडा विचारल्या की संगणकातलं ते हत्यार गाळलेल्या घरांच्या कडा काढतच नाही. फाइलीच्या माथ्यावर सगळ्या घरांचे कोपरे आधीच लिहिलेले असतात. तेच उचलून देतं."

"मला कळेल असं बोल."

"डाळीतले खडे वेचून बाजूला काढलेस. आणि मग पातेल्याचा घेर मोजून म्हणालास, डाळ एवढी आहे. चालेल?"

"म्हणजे मी इतकी वर्षं पातेल्याच्या काठाकाठानं बर्फ काढत होतो?"

"हो!" आणि ती खदखदून हसली. "आधी गाळलेली घरं नव्या फाइलीत उतरवायची. मग त्या नव्या फाइलीला विचारायचं, बाई, तुझ्या कडा कुठं? साधं आहे. पण सुचत नाही कुणाला."

यॉम साहेबांनी भर बैठकीत तिचं नाव घेतलं. डिझेल वाचणार, दुसऱ्या ट्रकचं भाडं वाचणार. पुढच्या कराराचं मी बघतो, असंही म्हणाले. ओक-रानच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दुपारी तिनं मला थंड शेवया खिलवल्या, वर डुकराच्या मांसाचे काप. एरवी चहाचे पैसे वाटून घेणारी बाई! मी म्हटलं, आज सूर्य कुठून उगवलाय? तर म्हणाली, "खा गपचूप. आयुष्यात एक काम माझ्या हातून धड झालंय."

नव्या चौकटीचा छापील कागद माझ्या हातात पडला तो नोव्हेंबरात. कागद मी भिंतीवर टेकवून बघितला. आमच्या खोऱ्याची वरची रेघ पुलावर येऊन थांबली होती. पूल. त्याच्या पुढं काही नाही.

मी कागद घेऊन तडक तिच्या टेबलाशी गेलो.

"ओक-रान, तुझी आई कुठाय?"

"घरी. कुठं असणार? रविवारी किमची घालायचीय, येतोयस ना? कोबी उचलायला माणूस लागतं."

"घरी नाहीये. हे बघ."

तिनं कागद बघितला. बराच वेळ बघितला. मग चष्मा पुसला आणि परत बघितला. "चुकलं असेल काहीतरी," म्हणाली आणि टंकायला लागली. फक्त गामागोल, नाव नोंदलेली घरं, नव्या फाइलीत उतरव, कडा सांग. मी पाठीमागं उभा. खिडकीत उत्तर आलं. संख्या शून्य. आणि कोपऱ्यांच्या जागी नुसती शून्यं, ओळीनं.

"हे काय?"

"कुणीच नसलं की असं येतं."

"कुणीच नसलं? अगं, म्हातारी तिथं मिरच्या वाळवत बसलीय आणि हे म्हणतंय कुणी नाही? आणि तू न बघता तसंच पाठवलंस?"

"बघितला की आकडा. दोनदा तपासला. बरोबर होता." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "ओप्पा, सगळ्या जिल्ह्याचे आकडे माझ्या हाताखालून जातात. पण माझ्या आईच्या घराचा आकडा मला पाठ नव्हता."

मला तिच्यावर चिडायचं होतं. पण कुणावर चिडणार? ती तिथं हात मांडीत घेऊन बसली होती, आणि काळ्या खिडकीत पुढच्या हुकमाची वाट बघणारी पांढरी चौकोनी खूण लुकलुकत होती.

रविवारी आम्ही किमची, म्हणजे हिवाळ्यासाठीचं कोबीचं लोणचं, घालायला वर गेलो. तिचा धाकटा भाऊ चांग-ग्यूही सोलच्या बाजूहून आला होता, गाडीच्या डिकीत रिकामे डबे घेऊन. किमची न्यायला पोरं बरोब्बर येतात, बाकी वर्षभर फोन लागत नाही. अंगणात मिठात मुरवलेल्या कोबीचा ढीग, ताडपत्रीवर मिरचीचा लाल मसाला, आणि सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल.

ओक-राननं पानं भरता भरताच विचारलं, "ऑम्मा, तुझं नाव कुठं नोंदलंय?"

"कुठं म्हणजे? काय भलतंच विचारतेस? मसाला नीट लाव, शेवटच्या पानापर्यंत."

"कचेरीच्या फाइलीत तू या घरात राहत नाहीस."

म्हातारीनं चांग-ग्यूकडे बघितलं. चांग-ग्यूनं कोबीकडे बघितलं. बस्स, मला तेवढ्यातच कळलं.

सोलकडं नव्या फ्लॅटची सोडत निघते. घरात म्हातारं माणूस सांभाळत असलात तर गुण जास्त मिळतात. चांग-ग्यूनं तीन-चार वर्षांपूर्वी आईचं नाव स्वतःच्या भाड्याच्या घरी हलवलं होतं. कागदावर म्हातारी मुलाकडं राहायला गेली, आणि प्रत्यक्षात इथं मडकी धूत बसली. सहीचा शिक्का तिनंच दिला, आणि लेकीला सांगू नको म्हणाली, कारण लेक म्हणजे मुळा परत करणारी.

"सगळेच करतात, नूना," चांग-ग्यू थोरल्या बहिणीला म्हणाला. "माझ्या कंपनीत निम्म्या लोकांनी केलंय. आणि लागली ना सोडत! एवढ्या वर्षांनी लागली. ताबा पुढच्या उन्हाळ्यात आहे. तोवर नाव हललं आणि कुणी चौकशी लावली तर घर तर जाईलच, वर खटला."

"आणि तोवर ऑम्मानं काय करायचं? ट्रक पुलावरून परत जाणार. नर्स येणार नाही. बस येणार नाही."

"एका हिवाळ्याचा तर प्रश्न आहे."

माझं डोकं सटकलं. "एका हिवाळ्याचा? चांग-ग्यू, तू येऊन राहतोस का इथं एक हिवाळा? च्यायला, आईला खोट्या कागदावर नेऊन बसवलंस, तर खरीच ने की! एक खोली दे तिला!"

"दू-मान हिऊंग," तो मलाही मोठा भाऊ म्हणत बोलला, "बायको, दोन पोरं, दोन खोल्या... तुम्हाला माहीत नाही तिकडं कसं असतं."

"दू-मान," म्हातारी म्हणाली, "तू मीठ झटक कोबीवरचं. घरच्या भांडणात नाक खुपसू नको." आणि ताज्या किमचीचा एक घास वळून तिनं माझ्या तोंडात कोंबला. भरल्या तोंडानं माणूस काय भांडणार?

मग ती लेकीकडं वळली. "हलवायचं नाही नाव. बर्फ मी काय आज पहिल्यांदा बघतेय? फावडं आहे माझं. तुमचा बाप खाण कंपनीनं दिलेल्या याच घरात खोकत खोकत गेला, स्वतःचं म्हणून दार त्यानं कधी लावलं नाही. या पोराला तरी लावू दे."

"ऑम्मा, तुझं काही झालं तर?"

"झालं तर झालं. चांग-ग्यूचं घर गेलं तर मी जिवंतपणी काय तोंड दाखवू त्याच्या पोरांना?"

ओक-राननं पुढचा कोबी ओढला. शेवटच्या पानापर्यंत मसाला लावत राहिली. मडकी जमिनीत पुरताना मात्र तिच्या हातून झाकण दोनदा निसटलं.

दुसऱ्या दिवशी मी किल्ल्या द्यायला कचेरीत गेलो, तेव्हा ती यॉम साहेबांसमोर उभी होती.

"साहेब, त्या पुलाच्या वर एक घर आहे. तिथपर्यंत रस्ता..."

"कुणाचं घर? फाइलीत माणूस आहे का?"

"फाइलीत नाही."

"मग कुणी राहतं का तिथं? राहत असेल तर नाव सांग, आपण नोंद तपासू. बेकायदा राहत असेल तर तेही बघायला हवं."

तिनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलते. एक नाव घेतलं असतं तर आईचा रस्ता मोकळा झाला असता आणि भावाचं घर गेलं असतं.

"काही नाही साहेब," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जुनीच चौकट घाल की परत. चुकून झालं म्हण."

"एकच ओळ बदलायचीय, ओप्पा. कुठली तेही माहितीय. पण साहेबांनी वाचलेलं डिझेल वर दाखवून झालंय, दुसरा ट्रक गेला परत. आता जुना आकडा आला तर सगळे विचारणार, का. मग काय सांगू?" जिन्याच्या पायरीवर ती खाली बसली. "माझ्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. शेवया काय खाल्ल्या, हसले काय, शी!"

पहिल्या बर्फाला मी ट्रक घेऊन वर गेलोच. नियम गेला खड्ड्यात. पण ट्रकमध्ये एक डबी बसवलीय. चौकटीबाहेर चाक पडलं की ती कचेरीत चुगली करते. साहेबांनी बोलावून चांगलं झाडलं, दुसऱ्यांदा झालं तर ट्रक काढून घेईन म्हणाले. मग सुट्टीच्या दिवशी मी फावडं घेऊन पुलापासून चढायचो. ओक-रान शनिवारी यायची, औषधं आणि तांदूळ पाठीवर बांधून. आम्ही दोघं मिळून एक पायवाट कोरायचो. म्हातारी अंगणातून ओरडायची, "वाकडी काढताय! दोघांना सरळ रेघ मारता येत नाही!" पुन्हा बर्फ पडायचा, पायवाट जायची.

जानेवारीत असा बर्फ कोसळला की चार दिवस आभाळ दिसलं नाही. म्हातारी रोज सकाळी लेकीला फोन करायची, जिवंत आहे एवढं सांगायला. त्या सकाळी फोन आला नाही. मी शेजारच्या खोऱ्यात होतो, तिथं म्हाताऱ्यांची वस्ती आहे आणि ते चौकटीत आहेत. ओक-रानचा फोन आला. रडत नव्हती. म्हणाली, "ओप्पा, ॲम्ब्युलन्स पुलावर अडकलीय. वर रस्ता नाही."

मी ट्रक वळवला. डबी बोंबलू दे, नाहीतर फुटू दे. पुलावर पोचलो, ॲम्ब्युलन्सच्या बाजूनं पातं खाली टाकलं आणि चढायला लागलो. अर्ध्या चढावर ते समोरून आले. चौघं जण कमरेएवढ्या बर्फातून स्ट्रेचर उचलून आणत होते, आणि ओक-रान मागून, एका पायात बूट नाही.

आदल्या संध्याकाळी म्हातारी किमची काढायला मडक्यांपाशी गेली आणि घसरली. खुबा मोडला. दार समोर दिसत होतं, पण सरकता येईना. घोंगडी नाही, काही नाही. रात्रभर.

मी खाली उडी मारली. तिचं तोंड निळं पडलं होतं, पण डोळे उघडे होते. मला ओळखलं.

"आलास?" ती पुटपुटली. "आता कशाला... चाललेय मी. आडवी."

मी माणूस दांडगा, बापाच्या वेळीही रडलो नव्हतो. तिथं रस्त्यात उभा राहून रडलो.

मेली नाही ती. मेली असती तर बरं, असं ओक-रान स्वतः म्हणाली, आणि मी तिला गप्प केलं नाही. पायाची बोटं कापावी लागली. आणि डोकं वर राहिलं ते राहिलंच, त्या अंगणात. जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात खिडकीजवळची खाट मिळाली. ओक-रान रोज कामावरून सुटून तिला भरवायला जाते. म्हातारी तिला नर्स समजते. "बाई, माझी मुलगी येईल शनिवारी," सांगते, "ती आली की मला वर सोडून या."

डबीनं चुगली केलीच होती, पण ॲम्ब्युलन्ससाठी गेलो म्हणून साहेबांनी ट्रक काढून घेतला नाही, आणि म्हातारी लेकाकडून चार दिवस आली असेल असं कचेरीनं धरून चाललं. उन्हाळ्यात चांग-ग्यूला घराचा ताबा मिळाला. फोनवर दाराचे फोटो घेऊन तो आईला भेटायला आला. चकचकीत दार, आकड्यांचं कुलूप. म्हातारीनं फोन हातात धरून खूप वेळ बघितलं आणि विचारलं, "कुणाचं घर रे हे?" चांग-ग्यू बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. तेव्हा मला त्याला शिव्या घालाव्याशा वाटल्या नाहीत. घातल्या असत्या तरी काय मिळणार होतं?

आश्रमाची खाट जिल्ह्यात नाव असलेल्यांनाच कायमची मिळते. आणि तिकडं आता आईच्या नावाची गरज उरली नव्हती. चांग-ग्यूनं तिथंच बाकावर बसून फोनवरून तिचं नाव परत हलवलं, तिच्या स्वतःच्या घरी, गामागोलला. दोन मिनिटांचं काम. साधा चहा प्यायला याहून जास्त वेळ लागतो.

शरद ऋतूत परत चौकटीचे दिवस आले. मी काहीतरी सही करायला तिच्या टेबलापाशी गेलो होतो. ती म्हणाली, "ओप्पा, थांब, हे बघ." तिनं टंकलं. गामागोल, नाव नोंदलेली घरं, नव्या फाइलीत उतरव, कडा सांग. संख्या आली, एक. त्याखाली दोन कोपरे.

"नीट बघ. खालचा कोपरा आणि वरचा कोपरा."

मी बघितलं. "आकडे तेच तेच आहेत की."

"एकच माणूस असलं की चौकटीला लांबी नसते, रुंदी नसते. दोन्ही कोपरे एकाच जागी." आणि तिनं खिडकीकडं न बघता ते दोन्ही आकडे मला म्हणून दाखवले, अगदी दशांशापर्यंत. "आता पाठ आहेत मला."

मग खोऱ्याची पूर्ण चौकट निघाली. वरची रेघ पूल ओलांडून चढ चढून म्हातारीच्या घरापर्यंत गेली. साहेबांनी बघितलं, सही केली.

"साहेब," मी न राहवून म्हटलं, "पण तिथं आता कुणी नाहीये."

"फाइलीत आहे," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे आहे."

व्हरांड्यात मी ओक-रानला गाठलं. "तू तरी सांग की त्यांना. रिकाम्या घरासाठी मी रस्ता उकरत बसू?"

"काय सांगू? गेल्या वर्षी आई तिथं होती, तेव्हा आहे म्हणून सांगितलं नाही. आता कुठल्या तोंडानं सांगू की नाही म्हणून?" मग म्हणाली, "जा तू वर. रस्ता मोकळा राहू दे."

गेल्या आठवड्यात पहिला बर्फ पडला. मी पूल ओलांडला. डबी गप्प होती, हिरवा दिवा. पातं खाली, चढ, वळण, सगळं हाताला पाठ. अंगणात ट्रक वळवला. मडक्यांवर हातभर बर्फ साचला होता. जमिनीतल्या एका मडक्यात गेल्या वर्षीची किमची तशीच असणार, कुणी काढलीच नाही. बर्फ त्यांच्यावर पडू नये म्हणून मी ढीग दुसऱ्या बाजूला सारला. दाराला कुलूप. खिडकीशी तिचं फावडं टेकवलेलं.

फोन वाजला. ओक-रान.

"पोचलास?"

"पोचलो."

"दारापर्यंत झाला मोकळा?"

"दारापर्यंत."

तिच्या मागं कुणाचा तरी प्रिंटर चालल्याचा आवाज येत होता.

"हॉर्न वाजवू नकोस हं, ओप्पा," ती म्हणाली.

मी तो वळणावरच वाजवला होता.